आईच्या पाट्यातली चमक: लाव्हा थंड होताना स्फटिक नेमके कसे होतात?

परळची_पाटेवाली

परळच्या चाळीतली खोली रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी केली. बाकीचं भंगारवाल्याने नेलं, आईचा पाटा मात्र मी अंधेरीला घेऊन आले. (डिकीत ठेवताना टॅक्सीवाल्याने जे तोंड केलं ते जाऊ दे.) उतरवताना कोपरा जिन्यावर आपटला आणि पेरभर टवका उडाला. जिन्याची लादीही गेली, सोसायटीचा मेसेज आलाय.

तर त्या ताज्या टवक्यावर उन्हात बारीक बारीक चमक दिसते, सुईच्या टोकाएवढी. आणि एका जागी वाटाण्याएवढा पांढरा ठिपका आहे, त्याच्या आत अगदी साखरेसारखे दाणे. आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, एवढं शाळेत शिकलेय. मग हे दाणे लाव्हा थंड होतानाच झाले का? आणि माझ्या खिडकीतून गिल्बर्ट हिल दिसते. तिचे ते उभे खांब म्हणजे एकेक राक्षसी स्फटिक म्हणायचा का? एकच दगड, मग कुठे सुईचं टोक आणि कुठे १५-२० मजली खांब, हे कसं?

खडीसाखर_७७

सोपं आहे. पाक हळू निवला की खडीसाखरेचे मोठे खडे, घाईने घोटला की पिठी. लाव्हाचंही तेच. गिल्बर्ट हिल खूप हळू थंड झाली म्हणून मोठे खडे.

पातळछेद

ताई, मी ३१ वर्षं एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात लॅब असिस्टंट होतो. काम एकच, दगडाचे थिन सेक्शन बनवायचे. दगडाची चकती कापायची, काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन घासायची, कॅनडा बाल्समने काचपट्टीला चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूने घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायची. काळाकुट्ट दगड तेव्हा काचेसारखा आरपार होतो. शेवटच्या दोन मिनिटांत हात जड पडला की अख्खा दगड पुसला जातो, खाली नुसती काचपट्टी. सुरुवातीच्या वर्षी सरांचे किती नमुने असे गटारात गेले, ते त्यांनी मोजले होते, मी नाही.

आधी गिल्बर्ट हिल, कारण वरचं उत्तर तिथे चुकलंय. ते खांब स्फटिक नाहीत, भेगांनी पाडलेले तुकडे आहेत. दगड घट्ट झाला, पण गरमच होता. आणखी निवताना तो आकसला आणि चिरत गेला. वैशाखात शेत भेगाळतं तसं. फरक इतकाच की इथे भेग थंड बाजूकडून आत एकेक टप्पा सरकत गेली. खांबाच्या अंगावर आडवे पट्टे दिसले तर प्रत्येक पट्टा म्हणजे भेगेची एक उडी समजा. त्या खांबाचा टवका माझ्याकडे आणलात तर आत तुमच्या पाट्यासारखेच लाखो बारीक दाणे निघतील. खांबाचा आकार दाण्यावरून ठरत नाही.

आता दाणे. खडीसाखरेचा दाखला अर्धा बरोबर आहे. हळू निवलं की दाणा मोठा, हे खरं. पण पाकात स्फटिक होणारी वस्तू एकच, साखर. लाव्हात सिलिका, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम असं सगळं एकत्र वितळलेलं असतं. त्यापेक्षा घरचं साजूक तूप घ्या. कढवून ओट्यावर ठेवलं की आधी तळाशी रवा धरतो आणि वर पिवळं पातळ राहतं. जे लवकर गोठतं ते आधी बसतं आणि उरलेल्या पातळ तुपाचा मामला बदलतो. लाव्हा असाच रवा धरतो. तेच तूप लगेच फ्रिजमध्ये टाकलं तर रवाळ होत नाही, लोण्यासारखं गुळगुळीत बसतं. तोच तुमचा पाटा.

हे अंदाजपंचे नाही. हवाई बेटांवर १९५९ मध्ये किलाउएया इकी या ज्वालामुखी-खळग्यात लाव्हाचं तळं साचलं, १०० मीटरहून खोल. वर साय धरल्यावर शास्त्रज्ञ त्या सायीवर चालत गेले आणि १९६० पासून १९८८ पर्यंत अधूनमधून भोकं पाडून आतलं तापमान आणि नमुने घेत राहिले. तिथल्या अशा तळ्यांवरून दिसलं ते असं: १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास ऑलिव्हीन हे हिरवट खनिज, थोडं खाली ऑजाइट हे दुसरं, मग प्लाजिओक्लेज फेल्डस्पार, ११०० च्या खाली लोह-टायटॅनियमची काळी खनिजं, आणि ९८० च्या सुमारास सगळं घट्ट. म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या पट्ट्यात अख्खा खेळ. किती वेळ लागतो? हवाईत मोजलेल्या हिशोबाने एक मीटर जाडीची साय धरायला साधारण आठवडा, पण दहा मीटरला जवळपास दोन वर्षं. जाडी दहापट, वेळ शंभरपट.

आपल्या मुंबईकडच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या दगडात, ऑलिव्हीन बहुधा कमीच. सूक्ष्मदर्शकाखाली मुख्यतः प्लाजिओक्लेजच्या काड्या दिसतात, माचिस सांडल्यासारख्या, प्रत्येकीवर काळे-पांढरे पट्टे. आमची खूणच ती होती: काडी करडी-पांढरी दिसली की जाडी बरोबर, पिवळी दिसली की अजून घास. काड्यांच्या फटींत रंगीत ऑजाइट, कधी कधी एकाच ऑजाइटच्या पोटात आठ-दहा काड्या. पोटातली आधीची किंवा निदान सोबतची, हे उघड आहे. काळे ठिपके मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. आणि कोपऱ्याकोपऱ्यात काच, म्हणजे ज्या रसाला स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही तो. तुमच्या टवक्यावरची चमक बहुतेक त्या काड्यांचीच.

पांढरा ठिपका मात्र लाव्हाचा नाही. तिथे वायूचा बुडबुडा होता. दगड गोठला, पोकळी राहिली, आणि नंतर दगडातून फिरणाऱ्या गरम पाण्याने त्यात झिओलाइट (पाणी धरून ठेवणारं खनिज), कॅल्साइट (चुन्याचं खनिज) किंवा गारगोटी भरली. तेही साधारण अडीचशे अंशांच्या आत, लाव्हाच्या मानाने कोमटच. प्रदर्शनात ठेवलेले जळगाव-नाशिककडचे सुंदर खडे सगळे याच जातीचे. आम्ही कांदिवलीच्या खाणीतून लॉमोंटाइट या झिओलाइटचे पांढरे शुभ्र खांब आणले होते. मी कौतुकाने कपाटात ठेवले. त्यातलं पाणी उडून दिवाळीच्या सुट्टीनंतर पीठ झालेलं. शिव्या मी खाल्ल्या.

ठिपक्याला सुईने ओरखडा आणि लिंबाचा थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर कॅल्साइट. ओरखडा उठलाच नाही तर गारगोटी.

घाटवाटा_कल्याण

काका, मग कसारा घाटात काळ्या कातळात पेराएवढ्या, काही बोटाएवढ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत त्या? पोकळ्या नव्हत्या, नीट चपट्या होत्या.

पातळछेद

चांगलं पाहिलंत. तेही प्लाजिओक्लेजच, पण एवढं मोठं वर येऊन वाढलेलं नाही. रस जमिनीखाली साठून होता तेव्हा ते स्फटिक सावकाश वाढले आणि उद्रेकात तयारच बाहेर आले. भोवतीचा बारीक दाणा मग उघड्यावर निवताना झाला. भाताची पेज समजा, शितं आधीच शिजलेली, पेजेवर साय नंतर धरली. भूशास्त्रातले लोक त्या थराला थळ घाटाच्या, म्हणजे तुमच्या कसारा घाटाच्याच, नावाने ओळखतात. पट्ट्या बऱ्याचदा एकाच दिशेने लवलेल्या असतात. पुरात ओंडके वळतात तशा त्या रस वाहताना वळल्या.

टाकीवाला

आमचे आजोबा पाथरवट. शास्त्र आम्हाला नाही, पण पाट्याला दगड निवडताना ते हातोडीने वाजवायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचे, बद्द वाजला तर तिथेच टाकायचे. बुडबुड्यांचा दगड कधीच नाही, टाकी मारली की ठिपका निखळतो आणि चटणीत कच येते. ताई, तुमचा ठिपका कोपऱ्यात आहे की वाटायच्या जागेवर?

परळची_पाटेवाली

कोपऱ्यात, वाचले. घड्याळजीचं भिंग आणून बाल्कनीत तिरप्या उन्हात पाहिलं. काड्या दिसल्या! खूप बारीक, पण दगड थोडा फिरवला की एक विझते आणि शेजारची पेटते.

लिंबाने काही झालं नाही. मग सुई ओढली. ओरखडा नाही, उलट सुईचीच राखाडी रेघ त्यावर उमटली. म्हणजे गारगोटी ना काका? आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तो ठिपका लग्नात पाटा आणला तेव्हापासून आहे, आणि टाकी लावून घेतलीस का ते आधी सांग.