मदत हवी आहे: ऑफिसच्या डेस्क फोनचं घड्याळ अडीच तास पुढे, आणि अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडेच नाही

शिवडीकरीण:

नमस्कार मंडळी. परळला एका ट्रस्टचा रुग्णनिवास आहे, तिथलं ऑफिस मी बघते. उपचारासाठी बाहेरगावाहून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक आमच्याकडे राहतात. गाडीत बसायच्या आधी बहुतेक जण फोन करून विचारतात: खोली मिळेल का, किती दिवस, स्वयंपाक करता येतो का. गडचिरोलीहून किंवा सावंतवाडीहून निघणाऱ्या माणसाला इथे पोचल्यावर "जागा नाही" म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून आमच्याकडे फोन उचलला जाणं हे कामातलं पहिलं काम.

दिवाळीनंतर जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) काढून आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे फोन, बसवले. यीलिंकचे सहा डेस्क फोन, कपाटात त्यांच्या एक्स्चेंजचा, म्हणजे आयपी-पीबीएक्सचा, छोटा डबा, बाहेर जायला आधीच्याच दोन लँडलाइन. एक्स्टेंशन १०१ ते १०६. ज्यांनी बसवलं त्यांनी पहिल्या दिवशी फोन कसा उचलायचा आणि कॉल ट्रान्सफर कसा करायचा एवढं दाखवलं. लेखी काही दिलं नाही. आता फोन केला की "माणूस पाठवतो" म्हणतात, पण येत कुणी नाही.

अडचणी अशा:

घड्याळ बरोब्बर अडीच तास पुढे आहे. मी मेनूत जाऊन दुरुस्त करते, पण लाइट जाऊन आली की परत पुढे. मिस्ड कॉलची वेळ त्यामुळे चुकीची दिसते. दुपारी आलेला फोन संध्याकाळचा वाटतो आणि परत फोन कधी करायचा ते कळत नाही.

दुसरी जास्त गंभीर. मागच्या महिन्यात रिसेप्शनच्या फोनवर कुणाकडून तरी डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, फोन वाजणं बंद करणारं बटण) दाबलं गेलं. शनिवार-रविवार फोन वाजलाच नाही. सोमवारी यादी पाहिली तर सतरा कॉल. त्यातले दोघं तोवर परळला येऊन स्टेशनजवळच्या लॉजमध्ये पैसे भरून बसले होते. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तिसरी, रजिस्टरमधला मोबाइल नंबर बघून सेवेकरी दहा आकडे फिरवतात आणि फोन लागत नाही. आधी शून्य लावायचं हे रोज नव्या माणसाला सांगावं लागतं.

चौथी, रात्री नऊनंतर ऑफिस बंद असतं, तेव्हा कॉल केअरटेकर काकांच्या मोबाइलवर जायला हवेत.

फोनवर अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडायला गेलं की पासवर्ड मागतो. फॅक्टरी रीसेट करून टाकू का? कुणीतरी म्हणालं त्याने सगळं सुटेल.

निशिगंध:

ताई, रीसेट आत्ता अजिबात करू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

तांबडीवायर:

वरच्यांशी सहमत. कारण सांगतो.

फोनला आत शिरायचे दोन दरवाजे असतात, यूझर आणि अ‍ॅडमिन. यूझरच्या दारातून रिंगटोन, आवाज, स्क्रीनचा उजेड, तारीख-वेळ, कॉल फॉरवर्ड, डीएनडी एवढं हाताशी येतं. खातं, नेटवर्क, डायल प्लॅन (फिरवलेल्या नंबराचं काय करायचं त्याचे नियम), ऑटो प्रोव्हिजन, रीसेट हे अ‍ॅडमिनच्या दारामागे. यीलिंकमध्ये बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशी ती विभागणी स्क्रीनवरच दिसते.

तुमचं घड्याळ अडीच तास पुढे आहे यावरूनच बरंच कळलं. आपली वेळ जीएमटीच्या साडेपाच तास पुढे, चीनची आठ तास पुढे. फरक अडीच तासांचा. यीलिंक कारखान्यातून चीनच्या टाइमझोनवर येतो. बसवणाऱ्याने तो बदललाच नाही, किंवा ज्या टेम्पलेटमधून फोनला सेटिंग्ज जातात त्यात तसाच राहू दिला. तुम्ही केलेली दुरुस्ती लाइट गेल्यावर पुसली जाते, म्हणजे या दोन कारणांतलं दुसरंच. फोन चालू होताना सर्व्हरकडून आपली कॉन्फिग फाइल मागवतो आणि तुमच्या हाताने केलेल्या बदलावर ती फाइल बसते. याला ऑटो प्रोव्हिजनिंग म्हणतात. सर्व्हर बहुधा तुमच्या कपाटातला तो डबाच असेल.

म्हणून रीसेट नको म्हणतो. रीसेटने एक्स्टेंशनचं खातं, त्याचा एसआयपी पासवर्ड (ज्याने फोन सर्व्हरला आपली ओळख पटवतो), सर्व्हरचा पत्ता सगळं जाईल. आणि त्यानंतर दोनपैकी एक होईल. फोनला सर्व्हर सापडला नाही तर तो मुका पडेल. सापडला, म्हणजे राउटरच्या डीएचसीपीमध्ये (फोनला आयपी पत्ता वाटणारी सोय) ऑप्शन ६६ ला सर्व्हरचा पत्ता भरलेला असला किंवा कंपनीच्या रिडायरेक्ट सर्व्हरवर फोनचा मॅक (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) नोंदवलेला असला, तर तीच जुनी फाइल पुन्हा उतरेल. चुकीच्या वेळेसकट आणि त्यांच्या पासवर्डसकट.

आता हे करून बघा. फोन निवांत असताना मधलं ओके बटण दाबा, आयपी पत्ता दिसेल. त्याच नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तो टाका. लॉगिनला नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे इंग्रजी लहान अक्षरांत अ‍ॅडमिन लिहून बघा, कंपनीकडून तसंच येतं. नाही उघडलं तर दोन्हीकडे यूझर लिहा. काय होतं ते इथे सांगा.

कुर्लास्लो:

आमच्या ऑफिसात पॉलीकॉम होते, त्यांचा अ‍ॅडमिन पासवर्ड मुळात ४५६ आणि यूझरचा १२३ असायचा. बदललेला नसेल तर कुणीही आत. तुमचा बदललाय ही एका अर्थी चांगलीच गोष्ट आहे, फक्त तो तुम्हाला दिला नाही ही चूक.

शिवडीकरीण:

तांबडीवायर दादा, अ‍ॅडमिनने "पासवर्ड चुकीचा" आलं. यूझरने मात्र लगेच उघडलं! मोजकीच पानं दिसतात, खात्याचं पान नाही. आणखी एक: आमचं नेटवर्क आणि राहणाऱ्यांचा वायफाय एकच आहे, एकाच राउटरवर. त्याने काही फरक पडतो का?

तांबडीवायर:

पडतो, आणि हे बाकी सगळ्याच्या आधी आवरा. वायफायवर बसलेला कुणीही फोनचा आयपी टाकून यूझरने आत जाऊ शकतो आणि कॉल फॉरवर्डला परदेशातला नंबर भरू शकतो. बिल तुमच्या ट्रस्टच्या नावावर येईल. पाहुण्यांचा वायफाय राउटरमधून गेस्ट नेटवर्क म्हणून वेगळा काढा. बऱ्याच घरगुती राउटरमध्येही ती सोय असते. यूझरचा पासवर्डही बदलायचा. आयएसडी लागत नसेल तर लँडलाइनवरून ते बंद करून घ्या.

अ‍ॅडमिन पासवर्डसाठी बसवणाऱ्याला फोन करू नका, ट्रस्टच्या लेटरहेडवर पत्र द्या. त्यात मागायचं ते नीट लिहा: सहाही फोनचा अ‍ॅडमिन पासवर्ड, आयपी-पीबीएक्सचा लॉगिन आणि पासवर्ड, प्रत्येक एक्स्टेंशनचं ऑथ नेम (लॉगिनचं नाव) आणि एसआयपी पासवर्ड, प्रोव्हिजनिंगचा पत्ता, आणि पीबीएक्सची बॅकअप फाइल. उपकरणं तुम्ही विकत घेतली आहेत, किल्ल्याही तुमच्याच.

जुनाजाणता:

पंचवीस वर्षं टेलिफोनच्या धंद्यात काढली, म्हणून दोन शब्द.

शून्याची अडचण फोनची नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावणं देशभर सक्तीचं झालं. तुमच्या बाहेरच्या दोन्ही लाइन लँडलाइन आहेत, म्हणून हा नियम तुम्हाला लागू. फोनच्या डायल प्लॅनमध्ये रिप्लेस रूल असतो, तिथे "६ ते ९ पैकी एका आकड्याने सुरू होणारे दहा आकडे आले तर आधी ० लाव" असं लिहिता येतं. पण सहा फोनवर सहादा लिहिण्यापेक्षा पीबीएक्सच्या आउटबाउंड रूटमध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉलचे नियम) एकदाच लिहा. दोन्हीकडे लिहिलंत तर दोन शून्यं लागतील आणि कॉल भलतीकडे जायचा. मुंबईचे लँडलाइन नंबर आठ आकडी, त्यामुळे त्यांच्याशी गल्लत होणार नाही. सेवेकऱ्यांना सांगा, नंबर संपला की हॅश दाबा, म्हणजे फोन उगीच वाट बघत बसत नाही.

आता महत्त्वाचं. तुमची एक्स्टेंशन १०१ ते १०६ आहेत. उद्या आणखी फोन घेतलेत तर १०८ आणि ११२ हे नंबर कुणालाही देऊ नका. १०८ म्हणजे आपल्याकडची अँब्युलन्स, ११२ म्हणजे आणीबाणीचा नंबर. ते एक्स्टेंशन म्हणून दिलंत तर घाईच्या वेळी फिरवलेला १०८ आतल्या आतच वाजेल. पेशंट राहतात त्या जागी हे चालणार नाही. शक्य असेल तर एक्स्टेंशन २०१ पासून करून घ्या. कीपॅड लॉक वापरणार असाल तर लॉक असतानाही लागणाऱ्या इमर्जन्सी नंबरांची यादी अ‍ॅडमिनमध्ये असते. यीलिंकमध्ये ११२ तिथे मुळातच असतो, १०८ तुम्ही भरा. लॉकचा पिनही १२३ असाच येतो, तो बदला.

आणि जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजकडून मिळायची, लाइट गेली तरी फोन चालायचा. आयपी फोनला ती सोय नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची लाइट गेली तेव्हा अशी कितीतरी ऑफिसं मुकी झाली होती. पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच फोनला वीज देणारा डबा), राउटर आणि पीबीएक्स तिन्ही यूपीएसवर आहेत का बघा. नुसता कॉम्प्युटर यूपीएसवर असून उपयोग नाही.

शिवडीकरीण:

काका, १०८ चं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. एका रात्री एका आजींना घेऊन जायला अँब्युलन्स बोलवावी लागली होती, तेव्हा केअरटेकर काकांनी मोबाइलवरून लावली होती. ऑफिसच्या फोनवरून लावली असती तर लागली असती का, हेच आता तपासते. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर आहे. पत्र उद्याच देते.

रात्रीच्या फॉरवर्डचं कुणी सांगाल का?

निशिगंध:

ते यूझरलाच जमतं. मेनूत फीचर्स, मग कॉल फॉरवर्ड. तीन प्रकार दिसतील: ऑलवेज, बिझी, नो आन्सर. रोज रात्री ऑलवेज लावायचं आणि सकाळी काढायचं तर कधीतरी विसरणारच. नो आन्सर कायमचं लावून ठेवा. अमुक वेळ वाजून कुणी उचललं नाही तर कॉल आपोआप मोबाइलवर जाईल.

तांबडीवायर:

यात एक खाच आहे. तुमच्या लाइन दोनच. बाहेरून आलेला कॉल एक लाइन धरतो, मोबाइलवर पाठवताना दुसरी धरतो. म्हणजे काका एकाशी बोलत असले की पुढच्या फोन करणाऱ्याला एंगेज टोन. शिवाय काकांच्या मोबाइलवर तुमच्याच ऑफिसचा नंबर दिसेल, फोन करणाऱ्याचा नाही. टेलिफोन कंपनीकडून लाइनवरच फॉरवर्डिंग घेतलंत तर तुमच्या लाइन अडकत नाहीत, फक्त ते चालू-बंद कोण करणार ते ठरवून घ्या.

डीएनडीचं राहिलं. यीलिंकच्या मुख्य स्क्रीनखाली चार सॉफ्ट की (ज्यांचं काम स्क्रीनवर लिहून येतं ती बटणं) असतात: हिस्टरी, डिरेक्टरी, डीएनडी, मेनू. तिसरीला धक्का लागला की झालं. अ‍ॅडमिनने आत गेल्यावर डीएसएस की मध्ये प्रोग्रॅमेबल की असं पान आहे, तिथे तिसऱ्या सॉफ्ट कीचं काम बदला. सहाही फोनचं एकदम करायचं तर पीबीएक्सच्या टेम्पलेटमध्ये.

शिवडीकरीण:

अपडेट, अकरा दिवसांनी.

पत्र दिल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा एक तरुण मुलगा आला. मुलगा चांगला होता, त्याने शेजारी बसवून सगळं दाखवलं. टेम्पलेटमध्ये टाइमझोन खरंच +८ होता. तो +५:३० केला, सहाही फोन रीस्टार्ट केले आणि मी मुद्दाम स्विचची पिन काढून परत लावली. वेळ बरोबर राहिली.

तिसऱ्या सॉफ्ट कीवर आता डीएनडी नाही, केअरटेकर काकांचा स्पीड डायल आहे. आउटबाउंड रूटमध्ये शून्याचा नियम टाकला. काल एका नव्या सेवेकरी मुलीने रजिस्टरमधला नंबर जसाच्या तसा फिरवला आणि लागला. एक्स्टेंशन २०१ ते २०६ केली. १०८ आणि ११२ साठी रूट नव्हताच! सहा आकड्यांपेक्षा लहान नंबर बाहेर सोडायचाच नाही असा नियम होता. तो बदलून दोन्ही नंबर वेगळे लिहून घेतले. पाहुण्यांचा वायफाय वेगळा झाला. अ‍ॅडमिन आणि यूझर दोन्ही पासवर्ड बदलले, लिफाफ्यात घालून एक प्रत ट्रस्टींच्या कपाटात आणि एक माझ्याकडे.

रात्रीसाठी सध्या नो आन्सर लावलंय, वीस सेकंदांनी मोबाइलवर. एंगेजचा त्रास होतो का ते महिनाभर बघून मग लाइनवरच्या फॉरवर्डिंगचं ठरवू. यूपीएसचं कोटेशन मागवलं आहे.

जुनाजाणता:

छान केलंत. पीबीएक्सची बॅकअप फाइल मिळाली का?

शिवडीकरीण:

हो काका, पेनड्राइव्हवर घेतली. लिफाफ्यातच ठेवली आहे.