वरच्या बाथरूमची गळती: नहाणी ट्रॅप ते डक्टमधला उभा पाइप, हा मधला तुकडा कोणाचा? (अपार्टमेंट, पुणे)

नमस्कार. आम्ही कर्वेनगरला राहतो. तीन मजली जुनी इमारत, १२ फ्लॅट. आधीच सांगते, ही सहकारी सोसायटी नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणल्याची नोंदणीकृत घोषणा) झालेलं अपार्टमेंट आहे. त्यामुळे सोसायटीच्या आदर्श उपविधींवरून दिलेलं उत्तर आम्हाला चालणार नाही. पुण्यात अशा इमारती बऱ्याच आहेत, म्हणून इथे कोणीतरी यातून गेलं असेल अशी आशा आहे.

आमच्या बाथरूमच्या छताला आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीला दोन वर्षं ओल आहे. आधी नुसते पोपडे यायचे. मागच्या महिन्यात खोलीच्या छताचा ताटाएवढा गिलावा खाली आला आणि आत गंजलेली सळई दिसली. ती खोली सासूबाईंची. त्या तेव्हा देवळात गेल्या होत्या. त्या दिवसापासून त्या हॉलमध्ये झोपतात, आणि मला रात्री सारखी जाग येते.

वरच्या मजल्यावर काका-काकू राहतात. माझ्या मुलीला तिच्या बाळपणी काकूंनी सांभाळलंय. मला त्यांच्याशी वैर नकोय, पण काम पावसाळ्याआधी व्हायलाच हवं.

गळती कुठून आहे याबद्दल आता वाद नाही. काका-काकू गणपतीत चार दिवस गावाला गेले होते, तेव्हा ठिबकणं पूर्ण थांबलं होतं. म्हणजे सतत दाब असलेली पाण्याची लाइन नाही. ती गळत असती तर घर बंद असतानाही ठिबकलं असतं. आमच्याकडे त्यांच्या आंघोळीनंतर अर्ध्या तासाने सुरू होतं. प्लंबरने त्यांच्या नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जिथून निघून जातं तिथे) लाल रंगाचं पाणी ओतलं. पाऊण तासाने डक्टच्या (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीच्या) बाजूने आमची भिंत गुलाबी झाली. त्याचं म्हणणं, ट्रॅपमधून निघालेला आडवा पाइप डक्टमधल्या उभ्या पाइपला मिळतो, तिथला सांधा गेलाय. शिवाय वरच्या फरशीखालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) पाणी पिऊन बसलाय, त्यामुळे नुसता सांधा भरून भागणार नाही. फरशी काढून नवा ट्रॅप, कोबा, वॉटरप्रूफिंग असा ३८,००० रुपयांचा अंदाज दिलाय. आमचं छत वेगळं.

काका म्हणतात, "डक्ट कॉमन, मग सांधाही कॉमन." आमचे अध्यक्ष म्हणतात, दोघांनी निम्मं-निम्मं करून मिटवा. आमचा काय दोष म्हणून निम्मं, हे मला कळत नाही.

मी आमच्या डिक्लरेशनला जोडलेले उपविधी शोधून वाचले. त्यात फ्लॅटच्या आतल्या पाणी, मैला, स्वच्छतागृह यांच्या दुरुस्त्या त्या त्या मालकाच्या खर्चाने, असं आहे. न केल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर जबाबदारीही त्याचीच. कॉमन दुरुस्तीचा खर्च मात्र प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्याने वाटायचा. हा मधला हातभर पाइप आत की बाहेर, एवढंच त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही.

१) तो तुकडा कोणाचा धरतात?
२) गंजलेल्या सळईचं काम कोणी करायचं?
३) काकांनी फरशी फोडू दिली नाही तर काय?

प्रतिसाद

ताई, आधी त्या खोलीत कोणालाही जाऊ देऊ नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला सळई दाखवा. बाकी नंतर.

आमच्याकडे सिंहगड रोडला हाच वाद झाला होता. आम्ही असं ठरवलं: जो पाइप एकाच फ्लॅटचं पाणी नेतो तो त्या फ्लॅटचा, उभा पाइप सगळ्यांचा. तुमचा आडवा तुकडा आणि कोबा माझ्या मते काकांचा. सांधा उघडल्यावर उभा पाइपच तडकलेला निघाला तर तेवढा खर्च असोसिएशनचा, म्हणजे सगळ्या फ्लॅटमालकांच्या संघटनेचा. म्हणून फोडताना समितीतलं कोणीतरी समोर उभं राहू दे, फोटो काढा.

स्लॅब आणि तुळया सगळ्यांच्या, त्यामुळे सळईचं काम असोसिएशनने काढायचं. मात्र एखाद्याच्या हयगयीने कॉमन भागाचं नुकसान झालं असेल तर तो खर्च त्याच्याकडून मागता येतो, हेही उपविधींत पाहा.

तिसऱ्याचं उत्तर कायद्यातच आहे. कलम ६ प्रमाणे कॉमन भागाच्या दुरुस्तीसाठी, किंवा दुसऱ्या फ्लॅटचं नुकसान टाळायला तातडीची दुरुस्ती लागली तर, असोसिएशनला वाजवी वेळी कोणत्याही फ्लॅटमध्ये जाण्याचा हक्क आहे. तो तुमचा वैयक्तिक हक्क नाही, म्हणून अर्ज समितीच्या नावाने लेखी द्या आणि पोच घ्या. कोणी उपविधी पाळत नसेल तर कलम ७ खाली नुकसानभरपाई किंवा मनाई हुकूम मागता येतो, पण तिथवर जायची वेळ बहुधा येणार नाही.

धागाकर्ती

खूप आभार. इंजिनिअर उद्या सकाळी येतायत. पत्र आज लिहिलं, पण समितीला द्यायच्या आधी वर जाऊन काकूंना वाचून दाखवलं. त्यांना सळईचं माहीतच नव्हतं. त्या लगेच माझ्याबरोबर खाली आल्या, छत बघितलं आणि सासूबाईंजवळ बराच वेळ बसल्या. काका अजून "डक्ट कॉमन" यावरच आहेत. रविवारी समितीची बैठक आहे. एकाच फ्लॅटचा पाइप त्या फ्लॅटचा, असा ठराव तुमच्याकडे लेखी झाला असेल तर मजकूर इथे द्याल का? नावं खोडून दिलात तरी चालेल.