उपवास, प्रार्थना आणि लिथियम : भावाने गोळ्या बंद करायचे ठरवले आहे

पाऊलवाट

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर डिसऑर्डर आहे, म्हणजे अतिउत्साहाचा उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येण्याचा आजार. बरीच वर्षे तो लिथियम हे मन स्थिर ठेवणारे औषध घेतो आहे आणि त्यामुळे त्याची नोकरी टिकली, झोप सुधारली, घरातले वातावरणही निवळले. गेल्या काही महिन्यांत तो मनापासून उपासनेकडे वळला असून एका प्रार्थनामंडळात नियमित जातो. खरे सांगायचे तर आजारपणानंतर त्याला इतकी आपुलकी दुसरीकडे कुठेच मिळाली नव्हती. मात्र ज्याचा देवावर पूर्ण भरवसा आहे त्याला मनासाठी गोळी लागत नाही, असे तिथे कोणीतरी त्याच्या मनात भरवले आहे. आठवड्याच्या गोळ्यांची डबी मी भरून ठेवते. तो रोजचा कप्पा उघडतो, पण गोळी पाठमोरा होऊन गिळतो, चोरून खाल्ल्यासारखी. आता तीन दिवसांचा निर्जळ उपवास करायचा आणि तो सुटला की औषधही सोडायचे, असे त्याने घरात सांगून टाकले आहे.

ही वाढलेली धार्मिकता आजाराचाच भाग आहे की नाही, हे घरच्या माणसाने कसे ओळखावे? आणि त्याच्या श्रद्धेला न दुखावता त्याच्याशी काय बोलावे? वडील ‘हे सगळे थोतांड आहे’ असे सुनावतात आणि मग तो दोन-दोन दिवस कोणाशीच बोलत नाही.

मनोवेध

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या भावाला मी तपासलेले नाही, त्यामुळे निदानाविषयी काही म्हणणार नाही. मात्र तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या आधी उपवासाचे पाहायला हवे, कारण लिथियम चालू असताना निर्जळ उपवास करणे सरळसरळ धोक्याचे आहे. या औषधाचे शरीरात विघटन होत नाही. ते जवळजवळ सगळे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि शरीरातले पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते, त्याबरोबर लिथियमही आत अडकते. रक्तातली उपयुक्त पातळी साधारणपणे लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल असते आणि १.५ च्या पुढे बहुधा विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, म्हणजे चुकायला जागा फारच थोडी आहे. हातांना ठळक कंप सुटणे, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे, गोंधळल्यासारखे वागणे यांपैकी काही दिसले तर पुढची मात्रा न देता थेट रुग्णालय गाठावे.

औषध एकदम थांबवणेही तितकेच घातक आहे. उन्मादाचा झटका लवकर पुन्हा येतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो. थांबवायचेच ठरले तर मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान चार आठवडे आणि शक्यतो तीन महिन्यांपर्यंत हळूहळू उतरवत नेतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. तो काय मानतो यापेक्षा त्याच्या दिनक्रमात काय बदलले आहे, ते पाहा. झोप दोन-तीन तासांवर येऊनही थकवा जाणवत नाही, बोलणे आवरत नाही, पैसा हातात टिकत नाही, आपल्यावर एखादी खास कामगिरी सोपवली आहे अशी खात्री झाली आहे, असे एकत्र दिसू लागले तर तो आजार डोके वर काढतो आहे. उलट रोज पहाटे उठून प्रार्थना करणारा माणूस वेळेवर झोपत आणि वेळेवर कामाला जात असेल, तर त्या प्रार्थनेला लक्षण म्हणण्याचे कारण नाही. एखादी समजूत भ्रम आहे की नाही हे ठरवताना ती त्या माणसाच्या स्वतःच्या समाजात सर्वसाधारणपणे मानली जाते का, हेही आम्ही पाहतो. म्हणूनच ‘हा आमच्यासारखे बोलत नाही’ हे पुष्कळदा सहउपासकांच्याच आधी ध्यानात येते. रात्र-रात्र जागून होणाऱ्या प्रार्थनेपासून मात्र त्याला जपा, कारण अपुऱ्या झोपेने उन्माद सुरू होऊ शकतो.

बोलताना ‘देव की गोळी’ असा पेच त्याच्यापुढे टाकू नका. त्यात गोळीच हरणार. गोळी गिळताना मनात काय येते, ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. त्याचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा धर्मगुरूंना तुम्ही स्वतः जाऊन भेटलात तर अधिक बरे. अनेक परंपरांमध्ये आजारी माणसाला उपवासातून सूट आहे. रमजानच्या रोजांबाबत ती कुराणातच आहे, आणि ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवण्याचे कर्तव्य योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपवासाहून मोठे मानतात. हीच गोष्ट माझ्या तोंडून ऐकणे आणि धर्मगुरूंच्या तोंडून ऐकणे यांत तुमच्या भावाच्या दृष्टीने फार फरक पडेल.

रोखठोक

एवढी सारवासारव कशासाठी? धार्मिक विधी आणि मनोग्रस्त (नको असलेल्या विचारांनी पछाडून तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या) माणसाच्या सक्तीच्या कृती यांतले साम्य मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९०७ मध्येच दाखवून दिले होते. वडिलांची भाषा कठोर असेल, पण म्हणणे चूक नाही. प्रार्थनेने बरे न वाटलेल्या माणसालाच वर ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे ऐकवणारी व्यवस्था उपचारांच्या आसपासही फिरकू देऊ नये.

जुनीपाने

तुमचे शेवटचे वाक्य मला मान्य आहे, बाकीचे नाही. मनोरुग्णांना साखळदंडांतून सोडवून माणसासारखे वागवण्याचे जे प्रारंभीचे प्रयत्न झाले, त्यांतला एक श्रद्धावंतांचाच होता. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णालय सुरू केले, तेही त्याच शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांच्या पंथातली एक स्त्री दगावल्यानंतर. बेल्जियममधल्या गील गावात मनोरुग्णांची रक्षक मानल्या जाणाऱ्या संत डिंफ्नाच्या दर्शनाला आणलेल्या रुग्णांना गावकरी मध्ययुगापासून आपल्या घरांत ठेवून घेत आले. पुढे त्या प्रथेला वैद्यकीय देखरेखीची जोड मिळाली आणि ती आजही टिकून आहे. धर्मस्थळांत रुग्णांना बांधून ठेवले गेल्याचा इतिहासही आहे, तो मी नाकारत नाही.

मनोविकारशास्त्राची भूमिकाही फ्रॉइडपाशी थांबलेली नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी स्वतंत्र नोंद आली, आणि ती आजार म्हणून नव्हे, तर लक्ष देण्याजोगी बाब म्हणून. जागतिक मनोविकार संघटनेच्या २०१६ च्या निवेदनात तर रुग्णाच्या श्रद्धेची विचारपूस नेहमीच्या तपासणीत व्हावी असे सुचवले आहे, आणि डॉक्टरांनी आपल्या पदाचा वापर करून स्वतःचा धर्म किंवा स्वतःचा नास्तिकपणा रुग्णावर लादू नये, असेही बजावले आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी श्रद्धेच्या आधाराचे जे दोन प्रकार वेगळे केले, तेही इथे उपयोगी पडतात. संकटात देव सोबत आहे असे वाटणाऱ्याला बळ मिळते. देव शिक्षा करतो आहे किंवा त्याने आपल्याला टाकले आहे असे वाटणाऱ्याची यातना वाढते. पाऊलवाट, तुमचा भाऊ यांपैकी कोणत्या बाजूला आहे हे तुम्हालाच ठाऊक, पण गोळी पाठमोरे होऊन गिळण्यावरून मला दुसऱ्या बाजूची शंका येते.

उंबरठा

मी श्रद्धाळू आहे आणि औषधही घेतो. माझा आजार वेगळा होता. प्रार्थनेच्या एखाद्या शब्दावर मनात घाणेरडे चित्र तरळले की प्रार्थना बाटली असे वाटून मी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात करी. बाहेर चपला घालून उभी असलेली पत्नी शेवटी एकटीच निघून जाई. लोकांना माझ्या भक्तीचे कौतुक वाटे, पण आत निव्वळ दहशत होती. ही मनोग्रस्ती आहे हे आधी ओळखले ते डॉक्टरांनी नव्हे, तर आमच्या धर्मगुरूंनी. ‘देवाला एकदा म्हटलेले ऐकू येते, दुसऱ्यांदा म्हणायची तुला परवानगी नाही’ एवढेच बोलून त्यांनी मला मानसोपचारांकडे धाडले. पुढे कळले की ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनाही अशाच शंकांनी पछाडले होते आणि कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा कबूल करूनही त्यांचे समाधान होत नसे.

उपचारांत मला मनात येईल ते चित्र येऊ द्यायचे, प्रार्थना एकदाच म्हणायची आणि जी अस्वस्थता उरेल ती तशीच सोसायची, असा सराव दिला गेला. पहिले काही आठवडे फार जड गेले. औषधालाही वेळ लागला. मनोग्रस्तीत नैराश्यापेक्षा मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात. माझी प्रार्थना कोणी काढून घेतली नाही, म्हणूनच मी उपचार अर्ध्यावर सोडले नाहीत. रोखठोक यांच्या सल्ल्याने चाललो असतो तर पहिल्याच भेटीनंतर पुन्हा तिकडे फिरकलो नसतो.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. मी मंडळाच्या प्रमुखांना भेटले. गोळ्यांविषयीचे ते वाक्य त्यांचे नव्हते, एका उत्साही सदस्याचे होते, आणि ते ऐकून प्रमुखांना वाईट वाटले. निर्जळ उपवास करू नकोस, त्याऐवजी तीन दिवस मौन पाळ, असे त्यांनी भावाला स्वतः सांगितले. उपवास टळला आहे. औषध सोडण्याचा विचार त्याने अजून सोडलेला नाही, पण डॉक्टरांकडे यायला तो तयार आहे, फक्त प्रमुखांनी सोबत यावे अशी त्याची अट आहे. ही अट मान्य करावी का? आणि मी आत बसावे का?

मनोवेध

अट जरूर मान्य करा, पण डॉक्टरांना आधी कळवा. सुरुवातीला तुम्ही सगळेच आत बसा, झोपेत आणि वागण्यात झालेले बदल तुमच्या शब्दांत सांगा आणि मग बाहेर या. डॉक्टरांशी एकट्याने बोलायला त्याला वेळ मिळाला पाहिजे. औषध सोडायचा विचार त्याने तिथे उघडपणे मांडला तर त्याला अडवू नका. रक्ताची तपासणी त्याच सुमारास करून घ्या. नमुना शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी द्यायचा असतो, म्हणून रात्री गोळी घेत असेल तर सकाळची वेळ ठेवा. अंगदुखीसाठी तो आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेत असेल तर तेही न विसरता सांगा, कारण त्यांनीही लिथियमची पातळी वाढते.