मदत हवी आहे: गाणं मध्यभागी येत नाही, आणि बाबा म्हणतात 'सा' पोकळ आहे

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा फ्लॅट आहे. बाबांनी पंचवटीत चाळीस वर्षं भजनी मंडळात आणि छोट्या मैफलींत पेटीची साथ केली. आता गुडघ्यांमुळे कुठल्या कार्यक्रमाला जाता येत नाही, कालिदास कलामंदिराच्या पायऱ्यासुद्धा नको वाटतात. म्हणून दिवाळीत त्यांच्यासाठी स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी घेतली. दुकानात ऐकलं तेव्हा गायक समोर बसलेला, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, तानपुरे मागे, असं अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं. घरी आणल्यापासून ते चित्र हरवलं आहे.

हॉल ११ बाय १६ फूट, खाली विट्रिफाइड टाइल्स. स्पीकर ११ फुटी भिंतीपाशी, टीव्ही युनिटच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून ७ फुटांवर. पुढची बाजू भिंतीपासून २ फूट येते. सातपूरला एका वेल्डिंगवाल्याकडून २६ इंची स्टँड करून घेतले, त्यामुळे ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा भोंगा) बाबांच्या कानाच्या उंचीला येतो. डावीकडे बाल्कनीचं काचेचं सरकतं दार, उजवीकडे स्वयंपाकघराकडे जाणारा मोकळा पॅसेज.

तक्रारी दोन. पहिली म्हणजे गायकाचा आवाज मध्ये न येता डाव्या स्पीकरला चिकटतो. डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करून पाहिला, तरी आवाज डावीकडेच. बॅलन्सचा नॉब उजवीकडे फिरवला की आवाज सरकतो खरा, पण पसरट होतो, चेहरा पुसल्यासारखा.

दुसरी तक्रार बाबांची. ते म्हणतात, "गवय्याचा सा पोकळ लागतोय, वरचे सूर भरीव आहेत." पुरुष गायकांच्याच बाबतीत हे म्हणतात, बायकांच्या गाण्याला तक्रार नाही. मला स्वतःला हा फरक नीट कळत नाही, पण बाबांच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे.

दुकानदार सबवूफर (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) घ्या म्हणतात. मला अजून खर्च करण्याआधी समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, सबवूफर अजिबात घेऊ नका. स्पीकर बदलूनही आवाज डावीकडेच राहतो, म्हणजे दोष स्पीकरमध्ये नाही, बहुधा जागेत आहे. ही चाचणी तुम्ही आपणहून केलीत हे फार चांगलं झालं.

आधी तारा बघा. दोन्हीकडे लाल ते लाल, काळी ते काळी हवी. एका बाजूला उलटी लागली तर आवाज एका बाजूला चिकटत नाही, डोक्याभोवती विरघळून जातो आणि खर्ज गायब होतो. तुमचं लक्षण तसं नाही, तरी खात्री करा. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा त्याच्यापासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचं अधिक टोक लालला लावलं की वूफरचा (खालच्या सुरांच्या मोठ्या भोंग्याचा) पडदा बाहेर यायला हवा, दोन्हीकडे सारखाच.

मग बाबांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा आणि नाकापासून प्रत्येक ट्वीटरपर्यंत टेप लावा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. कुठलाही आवाज अगदी एका बाजूने आला तर एका कानाला दुसऱ्यापेक्षा जेमतेम ०.६५ मिलिसेकंद आधी पोचतो, आणि एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ठरवतो. एक स्पीकर वीतभर जवळ असला तरी तेवढाच फरक पडतो. दोन्हीकडून सारखा येणारा गायकाचा आवाज मग जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. बॅलन्सने आवाज कमी-जास्त होतो, वेळेतला फरक जात नाही, म्हणून चेहरा पुसला जातो.

चाचणीसाठी शास्त्रीय गायक द. वि. (बापूराव) पलुस्करांचं ध्वनिमुद्रण लावा. ते १९५५ मध्ये गेले आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्यानंतर, १९५७-५८ च्या सुमाराला. म्हणजे त्यांचं सगळं मोनो, दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. बसण्याची जागा बरोबर असेल तर त्यांचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका ठिपक्यातून यायला हवा. फक्त मोनोवरून नंतर बनावट स्टिरिओ केलेली प्रत घेऊ नका, ती फसवते. आणि बापूरावांचा जन्म नाशिकचाच, तेव्हा बाबांना ही चाचणी आवडेल.

धागाकर्ती

मनापासून धन्यवाद. तारा बरोबर होत्या. टेप लावला आणि थक्क झाले: डावीकडे ६ फूट १० इंच, उजवीकडे ७ फूट ७ इंच. नऊ इंचांचा फरक! पॅसेजचा रस्ता मोकळा राहावा म्हणून आईने खुर्ची बाल्कनीकडे सरकवली होती, ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. खुर्ची साधारण दहा इंच उजवीकडे घेतली आणि दोन्ही अंतरं सव्वासात फुटांच्या आसपास, अर्ध्या इंचाच्या आत आणली. पलुस्कर लावले. आवाज थेट टीव्हीच्या मध्यातून आला. बाबा काहीच बोलले नाहीत, हाताने पुन्हा लाव अशी खूण केली.

पण सा अजून पोकळच आहे म्हणतात.

प्रतिसाद २

ताई, तुमचे बाबा ज्या गायकांबद्दल बोलतात ते काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गातात का? आणि बायका काळी चार-पाचमध्ये?

धागाकर्ती

बाबांना विचारलं. हो, अगदी असंच आहे. तुम्हाला कसं कळलं?

प्रतिसाद २

तुम्ही दिलेल्या अंतरावरून. खालचे सूर स्पीकरच्या मागेही पसरतात, भिंतीवर आपटून परत येतात. स्पीकरची पुढची बाजू भिंतीपासून २ फूट असेल तर परतलेला आवाज ४ फूट जास्त चाललेला असतो. ज्या सुराच्या लाटेची लांबी ८ फूट, त्याच्यासाठी हे बरोबर अर्धी लाट मागे पडणं झालं: पुढून येणारा दाब आणि मागून येणारी ओढ एकमेकांना मारतात आणि त्या सुरावर आवाजात खड्डा पडतो. ८ फुटी लाट म्हणजे साधारण १४० हर्ट्झ. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झ! बाबांच्या कानाने जे पकडलं ते टेपने मोजून दाखवता येतं. काळी चारचा सा २०८, काळी पाचचा २३३, त्या खड्ड्यापासून लांब, म्हणून बायकांचं गाणं भरीव.

स्पीकर ३ फुटांवर आणा. खड्डा ९४ हर्ट्झच्या आसपास खाली सरकेल. भिंतीकडे १ फुटावर ढकलायचा मोह होईल, पण अंतर निम्मं केलं की खड्डा सप्तकभर वर जातो, म्हणजे तार षड्जापाशी. तिथे तो उथळ असेल, कारण वरचे सूर मागे कमी पसरतात, तरी मी तो मार्ग घेणार नाही. शिवाय बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर बरोबर तेवढंच ठेवू नका, नाहीतर दोन खड्डे एकाच सुरावर पडतात.

धागाकर्ती

दोन दिवस लावून ऐकलं, मग लिहिते आहे. ३ फुटांवर आणल्यावर पहिल्याच आलापाला बाबा म्हणाले, "आता पोट आलं आवाजाला." या वेळी मलासुद्धा कळलं. डावा स्पीकर तिथे बाल्कनीच्या वाटेत येतो, म्हणून टाइलवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आहेत. संध्याकाळी ऐकताना पुढे, बाकी वेळ मागे. खुर्चीही तेवढीच मागे, तिचीही खूण केली आहे. बाबा म्हणतात मंद्र मध्यमाला (खालच्या सप्तकातल्या 'म'ला) आता जरा कमी वाटतं. तिथे गायक क्वचितच थांबतो, तेव्हा चालेल.

एकच उरलं. तबल्याच्या चाटीचा (कडेवरच्या बोलाचा) डावीकडून एक कोरडा 'टक्' येतो. भिंतीला धरून आरसा सरकवत गेले, तर खुर्चीतून डावा स्पीकर बरोबर काचेच्या दारात दिसतो. खाली सतरंजी घातली आहे. पडदा लावू का, आणि कसला?

प्रतिसाद १

लावा. जाड सुती कापड, दाराच्या रुंदीच्या दुप्पट घ्या म्हणजे चुण्या पडतील, आणि काचेला टेकू देऊ नका, चार बोटं सोडा. पातळ पडद्याने चाटीचा काटा जाणार नाही. तोवर एक गोधडी दोरीवर टाकून ऐका, शिवण्याचे पैसे घालण्याआधी फरक कळेल.