मदत हवी आहे: रोबो माशाची शेपटी हलते पण मासा पुढे जात नाही

नमस्कार मंडळी, गेले चार महिने एक रोबो मासा बनवतेय, ४० सेंमी लांब, पुढचा भाग थ्रीडी प्रिंट केलेला, शेपटी सिलिकॉनची आणि आत एकच सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर). शाफ्टपाशी पाणी शिरत होतं ते ओ-रिंग आणि ग्रीसने थांबलं, पण खरी अडचण पुढेच आहे. टाकीत सोडला की शेपटी छान हलते पण डोकंही तेवढंच उलट बाजूला जातं आणि मासा जागच्या जागी वळवळत राहतो. सेकंदाला २ फटके, टोकाचा झोका या कडेपासून त्या कडेपर्यंत ८ सेंमी, आणि वेग कसाबसा सेकंदाला ६ सेंमी! स्ट्रूहाल नंबर काढला (फटके गुणिले झोका भागिले वेग) तर २.७ आला, खऱ्या माशांचा साधारण ०.२ ते ०.४ असतो. म्हणजे बहुतेक ताकद पाणी घुसळण्यातच जातेय ना?

प्रोपेलर लावा असं कृपया सांगू नका, मला माशांना न बिचकवता त्यांच्या जवळ जायचंय. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सोफी नावाच्या रोबो माशाने फिजीच्या प्रवाळात तेच केलं, पण त्याच्या शेपटीत पंप दोन पोकळ्यांमध्ये आळीपाळीने पाणी ढकलतो, ते एवढ्यात मला जमणार नाही. सर्वोवरच काही करता येईल का?

प्रतिसाद १: येईल की. बॅटरी कुठे ठेवलीय? मागे असेल तर आधी पुढे घ्या. आणि टुनाचा आकार नीट बघा, पुढचं अंग उंच आणि भरलेलं, शेपटीच्या पात्याआधीचा भाग मात्र एकदम बारीक. बारीक भाग आडवा हलताना पाणी कमी ढकलतो म्हणून डोक्याला उलटा धक्का कमी बसतो, आणि उंच अंगाला पाणीच बाजूला सरकू देत नाही. तुमची शेपटी मुळापासून टोकापर्यंत सारखीच रुंद आहे का?

धागाकर्ती: हो, अगदी सारखीच! काल रात्री पात्याआधीचं सिलिकॉन दोन्हीकडून कापलं, बॅटरी नाकाकडे सरकवली, पाठीवर प्लॅस्टिकचा उभा पर चिकटवला. फटके आणि झोका तेवढाच ठेवून वेग सेकंदाला १४ सेंमी झाला, खूप खूप आभार!! स्ट्रूहाल नंबर १.१ वर आलाय, पण आता कापलेल्या जागी शेपटी लुळी पडते आणि पातं मागे फरफटतं. सिलिकॉन ओतताना मधे पातळ लवचिक पट्टी कोणी घातलीय का, ती कितपत कडक घ्यावी?