रुग्णवाहिकेपलीकडची काळजी

आवारात रुग्णवाहिका आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर असले की ज्येष्ठांसाठीच्या निवासी संकुलात निर्धास्त राहता येते, असे म्हटले जाते; मला ते अपुरे वाटते. साठीत पुणे परिसरात बाणेरला किंवा भूगावला अशा संकुलात हौसेने घर घेणारे जोडपे ऐंशीच्या पुढे गेले की त्यांना तातडीच्या उपचारांपेक्षा रोजच्या देखरेखीची गरज अधिक भासते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी व्यक्ती रात्री लघवीसाठी झटकन उठते, रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पडून खुब्याचे हाड मोडते. हे टाळायला पलंगापाशी मंद दिवा, न्हाणीघरात आधाराचा दांडा आणि गोळ्यांचा वेळोवेळी फेरआढावा लागतो. मूत्रमार्गाच्या संसर्गात कधी कधी ताप न येता असंबद्ध बोलणे सुरू होते आणि ते ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून दिले जाते, याचे मला फार वाईट वाटते. रोज भेटणाऱ्या परिचारिकेला असा बदल चटकन कळतो. सत्तरीपासून पुढच्यांना आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी. देखभालीसाठी घरी ठेवलेल्या मावशींचा पगार त्यातून निघत नाही. म्हणून अंथरुणाला खिळल्यावर किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर त्याच घरात राहता येईल का आणि सेवेचा खर्च कोणी सोसायचा, हे संकुलात घर घेतानाच्या करारात लेखी मागावे.