मुलाच्या इतिहासाच्या बाईंना सक्तीच्या रजेवर पाठवलंय, पालक म्हणून काय करता येईल? (टेक्सास)

रुखवत (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते. पाककृती विभागातले दोन-चार प्रतिसाद सोडले तर लिहिलेलं काही नाही. आज मात्र मदत हवी आहे आणि जरा घाईने.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. मुलगा आठवीत. इथे आठवीला अमेरिकेचा इतिहास १८७७ पर्यंत असतो, म्हणजे यादवी युद्ध आलंच. त्याच्या बाईंनी मागच्या महिन्यात वर्गाला एक जुना कागद वाचायला दिला. टेक्सास संघराज्यातून फुटलं तेव्हा आपण का फुटतोय याची कारणं टेक्सासने स्वतःच लिहून ठेवली होती, २ फेब्रुवारी १८६१ ला. त्यात आडपडदा काही नाही. ही सरकारं गोऱ्या वंशाने स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी स्थापली, आफ्रिकी वंशाचा त्यात हात नव्हता, आणि त्या वंशाला कनिष्ठ, परावलंबी मानतात ते योग्यच आहे, अशा अर्थाची वाक्यं आहेत. बाईंनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, हे कोणी लिहिलं असेल आणि का?

कुठल्याशा पोराने फोनवर चित्रण केलं. त्यातले वाचनाचे तीस-चाळीस सेकंद तेवढे ठेवून स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभे असलेल्या एका गृहस्थांनी फेसबुकवर टाकले. वर मथळा, आमच्या पोरांना गोरं असल्याची लाज वाटायला शिकवतात. बाईंचा प्रश्न कापलेला. दोन दिवसांत तक्रारींचा ढीग, आणि तिसऱ्या दिवशी बाई पगारी रजेवर. वर्गात बदली शिक्षक आहेत, ते व्हिडिओ लावतात.

मी मुलाला विचारलं, तुला किंवा तुझ्या गोऱ्या मित्रांना लाज वाटली का रे? तो म्हणाला, "लाज कशाला? त्यांनीच लिहिलंय, आम्ही नुसतं वाचलं."

पुढच्या मंगळवारी बोर्डाची मीटिंग आहे. मला जाऊन बोलायचंय. नवरा म्हणतो, आपण एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत, गप्प बस. त्याचंही चूक नाही. मुलगा मात्र इथला नागरिक आहे आणि त्यालाच बोलायचंय. मी बोलू का, त्याला बोलू देऊ का, की दोघांनी नुसती ईमेल करावी? बाईंना फोन करावा का? आणि बोलायचं म्हणजे नेमकं काय? मला इथले कायदे कळत नाहीत आणि राजकारण तर अजिबात नाही.

---

उगाचच

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपण इथे पाहुणे. हे काळ्या-गोऱ्यांचं दीडशे वर्षांचं भांडण आहे, आपण मध्ये पडून काय मिळवणार? शिवाय क्लिपच्या आधी-नंतर बाई काय बोलल्या हे तुम्ही तरी कुठे ऐकलंय? मुलगा सांगतो तेवढंच. समजा खरंच एखाद्या मुलाला अपराधी वाटेल असं बोलल्या असतील तर?

---

मास्तर_ऑस्टिनवाले

टेक्सासच्या सरकारी शाळेत १४ वर्षं शिकवतोय, म्हणून लांबलचक लिहितो.

आधी कायदा, कारण सगळे त्याचं नाव घेतात आणि वाचत कोणी नाही. २०२१ च्या जूनमध्ये हाऊस बिल ३९७९ आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून त्याच्या जागी सिनेट बिल ३ लागू झालं. वंशामुळे अमुक मुलाने अपराधी वाटून घेतलंच पाहिजे, ही कल्पना पोरांच्या मनावर बिंबवायला त्यात बंदी आहे. एखादा धडा ऐकून कोणाला अस्वस्थ वाटलं तर तो गुन्हा, असं त्यात कुठेही नाही. या दोन गोष्टींतलं अंतर एवढं मोठं आहे की त्यातून पिवळी स्कूलबस जाईल. तक्रार करणारे मुद्दाम ते अंतर पुसतात आणि घाबरलेले प्रिन्सिपल पुसू देतात. घाबरण्याचा नमुना हवा असेल तर २०२१ च्या ऑक्टोबरमधलं डॅलसजवळच्या साउथलेकचं प्रकरण आठवा. ज्यूंच्या नरसंहारावरचं पुस्तक वर्गात ठेवलंत तर 'विरुद्ध बाजूचं'ही ठेवा, असं तिथल्या अधिकारी बाईंनी शिक्षकांना सांगितलं होतं. नंतर तिथल्या शाळा-जिल्ह्याला (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) माफी मागावी लागली.

आता तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता. राज्याचा अभ्यासक्रम, ज्याला आम्ही टीक्स म्हणतो, तो वाचा. २०१० च्या आवृत्तीत यादवी युद्धाच्या कारणांत प्रादेशिक अस्मिता आणि राज्यांचे हक्क आधी होते, गुलामगिरी शेवटी. २०१८ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने ते बदललं आणि गुलामगिरीच्या विस्ताराची 'मध्यवर्ती भूमिका' शिकवा असं लिहिलं. हे मंडळ रिपब्लिकन बहुमताचं आहे, ध्यानात ठेवा. म्हणजे बाईंनी राज्याने सांगितलेलंच शिकवलं, तेही राज्याच्याच कागदावरून. बोर्डापुढे वंशवादविरोध, समता, न्याय असले शब्द काढलेत की अर्धी खोली कान बंद करते. टीक्सचं कलम वाचून दाखवा, मग त्यांना कागदात बघावं लागतं.

बाईंचा करार कुठल्या प्रकारचा आहे ते कळलं तर बरं. मुदतीचा म्हणजे टर्म करार असेल तर नूतनीकरण न करण्याची नोटीस शिकवण्याच्या शेवटच्या दिवसाच्या किमान १० दिवस आधी द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत त्या सुनावणी मागू शकतात. पहिल्या वर्षांतला प्रोबेशनचा करार असेल तर मात्र वर्षअखेरीस बोर्ड सरळ नारळ देऊ शकतं, अपील नाही. एप्रिल-मे हा आमचा जीव मुठीत धरायचा काळ असतो तो यामुळेच. क्लिप नेमकी आत्ता का आली, तर मे महिन्यात बोर्डाची निवडणूक असते म्हणून.

आणि बाईंना शाळेच्या ईमेलवर काहीही लिहू नका! ती ईमेल माहितीच्या अर्जाखाली कोणीही मागवू शकतं. तुम्ही प्रेमाने लिहिलेली ओळ उद्या त्याच फेसबुक पानावर दिसेल.

---

वकीलीणबाई

न्यू जर्सीत असते, टेक्सासची वकील नाही आणि इमिग्रेशनची तर मुळीच नाही. हे डोक्यात ठेवून वाचा.

बोर्डापुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही. टेक्सासच्या खुल्या बैठकांच्या कायद्यात २०१९ पासून अशी तरतूद आहे की अजेंड्यावरच्या विषयावर लोकांना त्या विषयाच्या आधी किंवा चर्चा चालू असताना बोलू द्यावंच लागतं. वेळेची मर्यादा घालता येते, बहुधा तीन मिनिटं. पण एच-वन-बीवर असताना बिनधास्त बोला, असं २०२५ नंतर मी कोणालाही छातीठोकपणे सांगणार नाही. कायदा एक, वातावरण दुसरं. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा. तोवर तुम्ही लिहून द्या आणि एखाद्या नागरिक शेजारणीला वाचू द्या. त्यात कमीपणा काही नाही.

मुलाला माइकपुढे उभं करायला माझा विरोध आहे. हक्क त्याला आहे. १९६९ च्या टिंकर खटल्यात व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाची काळी फीत लावणाऱ्या शाळकरी मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. पण क्लिप कापून टाकणारे लोक समोर बसलेत. तेरा वर्षांच्या पोराची क्लिप त्यांना आयती कशाला द्यायची?

एक गैरसमज मात्र काढून टाका. शिक्षिकेला वर्गात भाषणस्वातंत्र्य आहे, हा मुद्दा भाषणात घेऊ नका. १९६८ च्या पिकरिंग खटल्यात वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा शिक्षक जिंकला, कारण तो नागरिक म्हणून बोलत होता. २००६ च्या गार्सेटी निकालानंतर नोकरीचा भाग म्हणून जे बोललं जातं त्याला ते संरक्षण राहिलं नाही. पुढच्याच वर्षी इंडियानातली एक शिक्षिका खटला हरली. इराक युद्धाविरुद्धच्या निदर्शनांसाठी मीही हॉर्न वाजवला, एवढं वर्गात सांगितल्यावर तिचा करार पुढे चालू ठेवला नव्हता. शाळेत शिक्षकाचं बोलणं हे मालकाचं बोलणं, असा अपील न्यायालयाचा सूर होता. म्हणून मास्तरांचा अभ्यासक्रमाचा मुद्दाच धरा.

न्यायालयात गोष्टी जिंकल्या जातात त्या बऱ्याचदा संदिग्धतेवर. न्यू हॅम्पशायरमध्ये २०२१ ला असाच कायदा आला. तिथे एका पालक संघटनेने कायदा मोडणारा पहिला शिक्षक पकडून देणाऱ्याला ५०० डॉलर जाहीर केले होते! मे २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण काय चालेल आणि काय नाही हे शिक्षकाला त्यातून कळतच नव्हतं. आणि केंद्राचा पैसा जाईल असं कोणी घाबरवलं तर सांगा, की वंशाचा विचार करणारे कार्यक्रम चालवाल तर निधी जाईल असं शाळांना बजावणारं केंद्रीय शिक्षण खात्याचं १४ फेब्रुवारी २०२५ चं पत्र मेरीलँडच्या फेडरल न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलंय.

---

पांढरा_रस्सा

उगाचच यांना : पाहुणे कसले? शाळेचा कर भरता ना घराच्या करातून?

बाकी हे काळ्या-गोऱ्यांचं भांडण म्हणून आपण अंग काढून घेऊ नये. कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये सहावीच्या पुस्तकांतला जातीचा आणि बायकांच्या स्थितीचा मजकूर सौम्य करा म्हणून आपल्याच देशातून आलेल्या लोकांच्या संघटना भांडत होत्या. मुलांना वर्गात अवघडल्यासारखं होतं, हेच कारण. शब्द न् शब्द ओळखीचा वाटतोय की नाही?

रुखवत, तुम्ही भाषणात महात्मा फुल्यांचा उल्लेख कराच. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती, त्यांनी निग्रोंना दास्यातून मोकळं केलं म्हणून. पुण्यातल्या माणसाने तेव्हाच्या अमेरिकेचं कौतुक केलं आणि आज तुम्ही ते झाकताय, असं सुनवा त्यांना. टाळ्या पडतील.

---

मास्तर_ऑस्टिनवाले

रस्सेवाले, मुद्दा सुंदर, पण तीन मिनिटांत फुले कोण हे सांगण्यातच एक मिनिट जाईल. टाळ्या आपल्याला नकोत, बोर्डाची सात मतं हवीत. फुले लेखी पत्रात घ्या, शेवटच्या परिच्छेदात.

---

उगाचच

कॅलिफोर्नियाचं माहीत नव्हतं. बरं. पण माझा प्रश्न तसाच आहे, वर्गात नक्की काय झालं ते कोणाला माहीत?

---

रुखवत (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. उगाचच, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून काल तेच केलं. मुलाच्या दप्तरातून त्या धड्याचा कागद काढला. वर तारीख, खाली तीन प्रश्न, आणि कोपऱ्यात टीक्सच्या कलमाचा क्रमांक छापलेला! बाईंनी आधीच लिहून ठेवला होता. मग त्याच वर्गातल्या आणखी चार मुलांच्या आयांना विचारलं. दोघी गोऱ्या, एक व्हिएतनामी, एक आपली तेलुगू. चौघींकडे तोच कागद निघाला. गोऱ्यांपैकी एक तर कट्टर रिपब्लिकन, दारात ट्रम्पची पाटी. ती म्हणाली, माझ्या पणजोबांचे वडील त्या युद्धात लढले, ते कशासाठी लढले हे माझ्या मुलाला कळायला नको का? मी गारच पडले. तीच बोलणार आहे.

बाईंशी थेट बोलले नाही. त्यांच्या मैत्रिणीमार्फत निरोप पाठवला, तुम्हाला काय हवंय ते सांगा, आम्ही तेवढंच करू. उत्तर आलं, त्यांच्या शिक्षक संघटनेने वकील दिलाय. त्यांचं नाव घेऊ नये, धड्याबद्दल बोलावं. करार टर्मचा आहे, सहावं वर्ष.

---

मास्तर_ऑस्टिनवाले

सहावं वर्ष आणि टर्म करार, म्हणजे सुनावणी मिळेल. नाव न घेण्याचं त्यांचं म्हणणं पाळा. कर्मचाऱ्याबद्दलची चर्चा बोर्ड बंद दाराआड करतं, ती खुली करायची की नाही हे त्या कर्मचाऱ्याने ठरवायचं असतं. तुम्ही माइकवर नाव घेतलंत तर तो निर्णय तुम्ही परस्पर घेतल्यासारखं होईल.

थोडं कडू सांगतो. तुमच्या जवळच कॉलीव्हिलमध्ये २०२१ ला जेम्स व्हिटफिल्ड या प्रिन्सिपलांचं प्रकरण झालं. त्या शाळेचे ते पहिले कृष्णवर्णीय प्रिन्सिपल. पोलिसांच्या हातून जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूनंतर त्यांनी पालकांना लिहिलेलं पत्र वर्षभराने उकरून काढलं आणि बोर्डाच्या एका माजी उमेदवाराने भर मीटिंगमध्ये नाव घेऊन त्यांना काढा म्हटलं. पोरं वर्गाबाहेर पडली, लोक त्यांच्या बाजूने बोलायला आले. तरी बोर्डाने करार संपवायच्या बाजूने मत दिलं आणि नोव्हेंबरमध्ये तडजोड होऊन ते पगारी रजेवरूनच बाहेर पडले. तेव्हा मंगळवारी खोली भरली म्हणजे जिंकलं, असं समजू नका. सुनावणीपर्यंत दर मीटिंगला कोणीतरी हवं.

---

वकीलीणबाई

+१. आणि ते पाचही कागद आजच स्कॅन करून बाईंच्या वकिलाकडे पोचवा, मुलांची नावं झाकून. मूळ प्रती घरीच ठेवा.

---

रुखवत (धागाकर्ती)

स्कॅन झाले, पोचले. इमिग्रेशन वकिलाशी बोलले. तो म्हणाला, लेखी पत्र द्या, माइक टाळा. म्हणून मी मागे बसणार, हातात तो कागद धरून. नवरा येतोय. म्हणाला, गाडी तरी चालवतो. पत्रात फुले घेतलेत हो, शेवटच्या परिच्छेदात, दोन ओळी.

बोलणाऱ्यांची नोंदणी मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला बंद होते, मीटिंग सातला. आमच्या बाजूने तिघी बोलणार आहेत, आणखी दोन नागरिक हवे आहेत, शक्यतो याच शाळा-जिल्ह्यात राहणारे. गाडीत दोन जागा आहेत. डॅलसच्या उत्तरेकडचं कोणी वाचत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, इथे पत्ता टाकत नाही.